आन्सगार : हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी मूळची कोल्हापूरची, आता ब्रेमेनला. नवरा जर्मन, फेख्टा भागातला (ब्रेमेनच्या खाली, डुकरं, कोंबड्या आणि चर्चं यांचा मुलूख असं तो स्वतःच सांगतो). सातवा लागलाय, आणि इथे सोनोग्राफीत सांगतात, तर मुलगा आहे.

आता मुद्दा. नवऱ्याच्या आजोबांचं नाव आन्सगार होतं आणि त्याला मुलाचं नाव तेच ठेवायचंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गुडघ्याला लावायचं मलम आहे. इथे राहून सहा वर्षं झाली, ऑफिसात तीन आंद्रेयास, दोन श्टेफान, एक डेटलेफ, पण आन्सगार एकही नाही. नवरा म्हणतो दुर्मीळ आहे म्हणूनच चांगलं. सासूबाई काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांना हवंय.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. नावाचा अर्थ काय, कुठून आलं? जर्मन कानाला हे फार म्हातारं वाटतं का, म्हणजे आपल्याकडे आज एखाद्या बाळाचं नाव भार्गवराम ठेवलं तर वाटेल तसं? आणि आमच्या घरी कोल्हापुरात ते म्हणणार कसं? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अन सागर? आणि कोण सागर?"

चहाटळ

पहिला!

हान्समधला ह गिळून पुढे गार लावलंय. उन्हाळ्यात चांगलं नाव आहे.

शब्दखुळा

चहाटळराव, हान्सचा इथे काही संबंध नाही. हान्स हे योहानेसचं लघुरूप, म्हणजे मूळ हिब्रू, बायबलमधून आलेलं. आन्सगार त्याच्या आधीचं, अस्सल जर्मानिक. त्याचे दोन तुकडे पडतात, आन्स म्हणजे देव आणि गेर किंवा गार म्हणजे भाला. जुनी जर्मन नावं अशीच असायची, दोन वजनदार शब्द घ्यायचे नि जोडायचे, जोडून त्याचं वाक्य झालंच पाहिजे असा काही आग्रह नसायचा. त्यामुळे "देवाचा भाला" म्हणायचं की "देव आणि भाला" म्हणायचं यावर फार डोकं घालवू नका. आपल्याकडे रणजित म्हटलं की अर्थ लागतो, तसं दर वेळी त्यांच्याकडे होत नाही.

हा आन्स म्हणजे ख्रिस्ती देव नव्हे बरं का. ओडिन, थॉर वगैरे उत्तरेकडच्या जुन्या देवमंडळींना नॉर्स भाषेत (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत) आस म्हणतात, अनेकवचन एसिर, त्यांचं राहायचं ठिकाण आसगार्ड. तोच हा शब्द. सहाव्या शतकात योर्डानेस नावाच्या लेखकाने गॉथ लोकांचा इतिहास लिहिला, त्यात तो सांगतो की गॉथ लोक आपल्या विजयी पूर्वजांना आन्सिस म्हणायचे, म्हणजे अर्धे देव. रून लिपीतल्या अ च्या अक्षराचं नावही हेच होतं, आन्सुझ.

आणि भाल्याचं कुटुंब तर केवढं मोठं आहे. गेरहार्ड, गेरट्रूड, गेरनोट, इंग्लिशमधला एडगर, सगळ्यांच्या हातात भाला. र्‍यूडिगर आणि रॉजर हे तर एकच नाव, कीर्ती अधिक भाला. म्हणजे फेडररच्या एका हातात रॅकेट आणि दुसऱ्या हातात भाला.

अनुस्वार

शब्दखुळा, मस्त. थोडी भर घालतो कारण हा माझ्या नावाचाच विषय आहे.

जर्मनमध्ये आन्स मधला न टिकला, पण नॉर्समध्ये आणि जुन्या इंग्लिशमध्ये तो उडाला आणि आधीचा स्वर लांबला. म्हणून जर्मन आन्सगार, पण आइसलँडमध्ये आउस्गेइर, डेन्मार्कमध्ये आस्गर, आणि जुन्या इंग्लिशमध्ये ओसगार. ओस्वाल्ड मधला ओस तोच. अॅस्ट्रिड मधला पहिला तुकडाही तोच. ऑस्करबद्दल दोन मतं आहेत, काहीजण त्याला ओसगारचाच भाऊ धरतात, काही म्हणतात नाही, ते आयरिश.

हा न उडायचा प्रकार इंग्लिशमध्ये सगळीकडे आहे. जर्मन उन्स, इंग्लिश अस. जर्मन फ्युन्फ, इंग्लिश फाइव्ह. जर्मन गान्स, इंग्लिश गूस. आणि हे आपल्याला नवीन नाही हो, संस्कृत कांस्य, आणि आपण तळपायाला चोळतो ती काशाची वाटी. संस्कृत वंश म्हणजे बांबू, आणि आपल्या घराच्या छपराचा वासा. अनुस्वार गेला आणि स्वर लांब झाला. वहिनींनी सासूबाईंना हे जरूर सांगावं, निदान त्या काहीतरी बोलतील.

सातारी_कंदी

यात आश्चर्य काय, सगळी जर्मन नावं संस्कृतमधूनच गेलीत. जर्मन म्हणजेच शर्मन हे आमच्या सरांनी शाळेत सांगितलं होतं.

शब्दखुळा

कंदीसाहेब, सरांचा पूर्ण आदर ठेवून, नाही. संस्कृतमधून काही गेलेलं नाही. संस्कृत आणि जर्मन या चुलत बहिणी, दोघींची आजी एक. त्या आजीची काही भांडी इकडे आली, काही तिकडे गेली, एवढंच.

पण तुमच्यासाठी गंमत सांगतो. जर्मनमध्ये जिथे ग येतो तिथे संस्कृतमध्ये पुष्कळदा ह सापडतो. गान्स म्हणजे हंस (हाच तो अनुस्वारभाऊंचा गूस). गेस्टर्न म्हणजे काल, संस्कृतमध्ये ह्यः. गीसन म्हणजे ओतणे, संस्कृतमध्ये हु, ज्यातून आपला होम आणि हवन आलं. आणि गेर म्हणजे भाला, त्याला संस्कृतमधला हेति जोडतात, म्हणजे फेकायचं अस्त्र. अमरकोश पाठ असलेले कुणी असतील तर त्यांना हेति माहीत असेल.

आन्सचं मात्र जरा नाजूक आहे. काही अभ्यासक त्याची नाळ थेट असुर या शब्दाशी जोडतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण ऋग्वेदात असुर हा शब्द वरुणासारख्या देवांनाही आदराने लावलेला आहे, राक्षस हा अर्थ नंतर पक्का झाला. त्यामुळे आजीला समजावताना "असुराचा भाला" असं चुकूनही सांगू नका.

चहाटळ

असुरहेति! बारशाच्या पत्रिकेवर भारी दिसेल.

म्युनिकमामा

ताई, बावीस वर्षं जर्मनीत काढली, पंधरा इथे म्युनिकला, तर माझे दोन पैसे.

आधी उच्चार. तुम्ही आन्सगार लिहिलंय पण शेवटचा र जर्मन माणूस नीट म्हणतच नाही, ऐकू येतं आन्सगा. जोर पहिल्या आन् वर. आमच्या प्लँटला उत्तरेकडून बदली होऊन एक आन्सगार आला होता, पन्नाशीचा, तर मी पहिले सहा महिने त्याला ईमेलमध्येसुद्धा अन्सगा लिहीत होतो, र नाहीच. तो बिचारा काही बोलला नाही, उत्तरेकडचे लोक बोलतच नाहीत. इथल्या बव्हेरियन लोकांना मात्र नाव ऐकल्याबरोबर कळलं, फिशकॉप्फ आला म्हणाले, म्हणजे मासेडोक्या, उत्तरेच्या लोकांना इकडे प्रेमाने (?) असंच म्हणतात. सांगायचा मुद्दा, आन्सगार नाव ऐकलं की जर्मन माणूस तुमच्या मुलाला डोळे झाकून उत्तरेत नेऊन ठेवणार, आणि बहुतेक कॅथलिक घरात.

दुसरं, म्हातारं वाटतं का? हो, थोडं वाटतं. पण इथे म्हातारं असणं वाईट राहिलेलं नाही. माझ्या धाकट्या मुलीच्या किटात (बालवाडी हो) एमिल, अँटोन, कार्ल, ऑस्कर, माटिल्डा, फ्रीडा अशी नावं होती, मला वाटायचं पेन्शनरांचा कट्टा भरलाय. पणजोबांची नावं परत येतात. आजोबांची येत नाहीत. होर्स्ट, डेटलेफ, उवं, मान्फ्रेड ही मंडळी अजून हयात आहेत ना, त्यांच्या अंगाला अजून जुन्या सोफ्याचा वास येतो. पणजोबा फोटोत असतात, फोटोला वास नसतो.

पावशेर

म्युनिकमामांचा मुद्दा बरोबर, पण मग ऑस्कर परत आला आणि आन्सगार का नाही आला? दोघं पाहिजे तर भाऊ आहेत म्हणे.

म्युनिकमामा

माझं मत सांगतो. आज इथे जी नावं चालतात ती तोंडात विरघळणारी हवीत. नोआ गेली काही वर्षं पहिल्या नंबरला. मग लेओन, एलियास, लियाम, लुका, माटेओ. सगळे स्वर, ल, म, न. श्रीखंड. आन्सगार म्हणजे मध्ये न, स, ग एकावर एक, चकलीच म्हणा. ऑस्करला निदान सुरुवातीला गोल ऑ आहे आणि सिनेमाचं बक्षीस पाठीशी आहे.

आणि हे नाव कधी खाली पडलंच नाही कारण कधी वर गेलंच नव्हतं. केविनचं काय झालं बघा. १९९१ ला जर्मनीत मुलांच्या नावांत केविन पहिला होता, एकटा घरी राहिलेल्या केविन नावाच्या पोराचा सिनेमा त्याच वर्षी इकडे लागला. अठरा वर्षांनी, २००९ ला, ओल्डेनबुर्ग विद्यापीठात शिक्षकांच्या पूर्वग्रहांवर एक अभ्यास झाला, त्यात एका शिक्षकाने लिहिलं, "केविन हे नाव नाही, रोगनिदान आहे." ते वाक्य देशभर गाजलं. बिचारी ती पोरं आज पस्तिशीची आहेत, इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली, तरी पार्टीत नाव सांगताना आधी हसतात. फॅशनच्या नावाला हा धोका. आन्सगारला तो नाही, त्यावर कुणी विनोदच केलेला नाही.

पावशेर

केलेला नाही? माझ्यावर सोडा.

माझी बायको शाळेत शिकवते, तिने ऐकल्याबरोबर सांगितलं, पोरं त्याला गान्स गार म्हणणार. जर्मनमध्ये गार म्हणजे नीट शिजलेलं. "इस्ट दी गान्स गार?" म्हणजे बदक शिजलं का (बरं बाबा, हंस). नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला इथे घरोघरी गान्स भाजतात, तेव्हा हा विनोद हमखास होणार. त्यात मराठीत गार म्हणजे नेमकं उलटं. एकाच पोराला बाबा विचारणार गार झालं का, आई विचारणार गार झालं का, आणि एकाला हवंय शिजलेलं, एकीला हवंय थंड.

कोथिंबीरवडी

हाहाहा पावशेर, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला आजोबांना शाळेत हेच चिडवायचे, शब्दशः हेच! म्हणजे सत्तरऐंशी वर्षांत जर्मन पोरांनी नवीन विनोद काढलेला नाही.

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. अजून एक प्रश्न, म्युनिकमामा म्हणतात कॅथलिक घर, ते बरोबर आहे, सासरी रविवारचं चर्च चुकत नाही. पण उत्तर जर्मनी तर प्रोटेस्टंट ना? मग हा भाग असा कसा? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "होतं आधीपासून".

नदीकाठ

मी हॅम्बुर्गला असते, हा प्रश्न माझा.

तुमचं फेख्टा आणि शेजारचं क्लोपेनबुर्ग, याला ओल्डेनबुर्गर म्युन्स्टरलांड म्हणतात. १८०३ पर्यंत हा भाग म्युन्स्टरच्या बिशपच्या राज्यात होता, तो बिशप नुसता धर्मगुरू नव्हता, राजाही होता. म्हणून आजूबाजूला सगळे ल्युथरवाले आणि मध्येच हे कॅथलिक बेट. कॅथलिक घरात बाप्तिस्म्याला संताचं नाव द्यायची रीत, आणि उत्तरेचा संत कोण तर आन्सगार. फुटबॉल बघणारे कुणी असतील तर आन्सगार ब्रिंकमान आठवेल, "गोरा ब्राझिलियन" म्हणायचे त्याला, तो १९६९ चा, जन्म फेख्टाचा. योगायोग नाहीये.

आता त्या संताबद्दल. हा माणूस मला मनापासून आवडतो. ८०१ चा जन्म, आणि गंमत म्हणजे जन्म आजच्या फ्रान्समध्ये, आमियाँच्या बाजूला. कोर्बी नावाच्या मठात वाढला, तिथून वेझर नदीवरच्या कोर्वाय मठात आला. ८२६ मध्ये डेन्मार्कच्या एका पदच्युत राजाबरोबर तिकडे गेला, ८२९ मध्ये स्वीडनला बिर्का नावाच्या व्यापारी बेटावर. वाटेत समुद्री चाच्यांनी लुटलं, राजाला द्यायच्या भेटी गेल्या, बरोबर आणलेली चाळीसेक पुस्तकं गेली. नवव्या शतकात चाळीस पुस्तकं म्हणजे, एकेक हाताने लिहिलेलं, कातड्यावर. उरलेला रस्ता पायी गेला. मग हॅम्बुर्गचा आर्चबिशप झाला, तर ८४५ मध्ये व्हायकिंग एल्बे नदीतून वर आले आणि सगळं जाळलं, चर्च, मठ, सम्राटाने दिलेली देखणी बायबलची प्रत. तो पळाला तेव्हा अंगावर झगासुद्धा नव्हता म्हणे, संतांचे अवशेष तेवढे वाचवले. नंतर त्याला ब्रेमेनही मिळालं आणि तिथेच ३ फेब्रुवारी ८६५ ला गेला. हे सगळं त्याचा शिष्य रिंबेर्ट याने लिहून ठेवलंय.

त्याच चरित्रात एक जागा आहे. कुणीतरी त्याच्यासमोर त्याच्या चमत्कारांचं कौतुक करायला लागलं, तर तो म्हणाला, देवाकडे एकच चमत्कार मागायची माझी लायकी असती तर मागितलं असतं की मला चांगला माणूस कर. "मज पामरासी काय थोरपण" आठवतं की नाही?

आणि पदरात यश किती पडलं? स्वीडनमधलं सगळं काम त्याच्यामागे विरून गेलं, पुन्हा दोनेकशे वर्षांनी नव्याने सुरू झालं. तरी नाव राहिलं. कोपनहेगनच्या कॅथलिक कॅथेड्रलला त्याचंच नाव, आणि अमेरिकेत आयोवात सेंट आन्सगार नावाचं एक गावच आहे.

अनुस्वार

नदीकाठ, सुंदर लिहिलंय. वेगळा धागाच काढा.

म्हणजे ज्याच्या नावात ओडिनच्या मंडळींचा देव आहे आणि हातात भाला आहे, तोच ओडिनच्या भक्तांना ख्रिस्ती करायला निघाला. आणि ओडिनचं हत्यार कोणतं, तर भालाच, गुंगनीर.

नदीकाठ

अगदी! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अजून एक सांगते, मग थांबते. हॅम्बुर्गच्या जुन्या भागात ट्रोस्टब्र्युके नावाचा छोटासा पूल आहे, मी बँकेच्या कामाला जाताना त्यावरून जाते. दोन्ही कठड्यांवर एकेक पुतळा. एका बाजूला आन्सगार, बिशपच्या टोपीत, हातात चर्चची छोटी प्रतिकृती. समोर शाउएनबुर्गचा काउंट तिसरा आडोल्फ, ज्याने बाराव्या शतकात नवं हॅम्बुर्ग वसवलं. कारण पुलाच्या एका बाजूला बिशपचं जुनं गाव आणि दुसऱ्या बाजूला काउंटचं नवं गाव होतं.

पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी दचकले होते. आडोल्फ म्हणजे अडाल अधिक वोल्फ, कुलीन लांडगा. शतकानुशतकं चांगलं खानदानी नाव, राजांचं, आजोबांचं. आणि मग एका माणसाने ते असं नासवलं की १९४५ नंतर कायद्याने बंदी नसतानाही कुणी ठेवत नाही. समोरचं आन्सगार तेवढंच जुनं, कधी फारसं गाजलं नाही, आणि अजून स्वच्छ आहे. मी हिवाळ्यात तिथून जाते तेव्हा दोघांच्या डोक्यावर सीगल बसलेले असतात, त्यांना काही फरक पडत नाही.

आडनावात_काय_आहे

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडी व्यावहारिक माहिती, ताईंना लागेल.

बाळ झालं की आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टला, म्हणजे नोंदणी कार्यालयात, कळवावं लागतं. बहुतेक वेळा हॉस्पिटलच कागद पाठवतं. नाव ठरलं नसेल तर महिनाभर वेळ मिळतो, आपल्यासारखं वर्षभर बाळ, सोनू, पिल्लू चालत नाही. मुलाचं नुकसान होईल असं नाव ते नाकारू शकतात. आन्सगारला काही अडचण नाही, त्यांना उलट आनंद होईल. अडचण मराठी नावाची येते. शंका आली तर ते लायप्झिग विद्यापीठाच्या नाव सल्ला केंद्राचा दाखला मागतात, मी आणलाय, पैसे भरून. आमच्या मुलीचं नाव ऐकून काउंटरवरच्या बाईंनी विचारलं हे नाव आहे की वस्तू? त्यांनी आधी स्वतःच गूगल केलं होतं आणि त्यांना एक साबण सापडला होता. :)

पण एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायलाच हवी. पूर्वी इथे नावावरून मुलगा की मुलगी कळलं पाहिजे असा आग्रह होता, नाहीतर दुसरं स्पष्ट नाव जोडा म्हणायचे. तो आग्रह कुणामुळे मोडला? किरण! भारतीय मुळं असलेल्या एका घरातल्या मुलीचं नाव किरण ठेवलं, कार्यालय म्हणालं यावरून काही कळत नाही, दुसरं नाव द्या. आईबाप अडून बसले, प्रकरण पार कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ ला निकाल लागला की असा नियम कायद्यात कुठेही नाही, किरण एकटंच चालेल. आपल्या प्रत्येक वाड्यात एक किरणदादा आणि एक किरणताई असायची, आणि जर्मनीला ते समजायला घटनात्मक न्यायालय लागलं.

अजून एक, वडिलांचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत इथे नाही. मध्ये जे लिहाल ते मुलाचं दुसरं नावच समजतात. आमच्या एका मित्राच्या पाच वर्षांच्या मुलीला शाळेतून पत्र येतं ते "प्रिय सुधाकर" असं.

सातारी_कंदी

प्रिय सुधाकर __/\__

बरं, माझं सरांचं म्हणणं मी मागे घेतो. पण एक शंका. इतकं दुर्मीळ नाव ठेवून पोराला आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही का?

म्युनिकमामा

शेवटचा र सोडला तर स्पेलिंग आहे तसंच उच्चारतात, त्याची चिंता नको. आणि दुर्मीळ म्हणजे तरी काय आता? विस्बाडेनची ती भाषा संस्था १९७७ पासून दरवर्षी नावांची यादी काढते. त्यात पहिल्या नंबरचं नोआसुद्धा शंभरातल्या दोन मुलांना पुरत नाही. माझ्या सासऱ्यांच्या पिढीत वर्गात चार हान्स असायचे, आता एका वर्गात दोन सारखी नावं निघाली तर शिक्षक खूश होतात. सगळेच दुर्मीळ झालेत. आन्सगार निदान ऐकून माहीत असलेलं दुर्मीळ आहे, आईबापांनी शनिवारी दुपारी कीबोर्डवर बनवलेलं नाही. आपल्याकडचे रेयांश, कियांश, शिवांश, दिव्यांश बघा, एका सोसायटीत हाक मारली की सगळा अंश गोळा होतो.

आणि फुटबॉलवाल्यांसाठी, आयनट्राख्ट फ्रँकफुर्टचा आन्सगार क्नाउफ, २००२ चा. २०२२ ला त्याने बार्सिलोनाविरुद्ध गोल मारला आणि फ्रँकफुर्टने युरोपा लीग जिंकली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना हे नाव पहिल्यांदा कळलं. तुमच्या मुलाला पंधरा वर्षांनी कुणी विचारलं तर तो संताचं नाव सांगणार नाही, क्नाउफचं सांगेल.

कोथिंबीरवडी

सगळं वाचतेय. परवा सासूबाई आल्या होत्या. मी बटाटे सोलत होते, त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पर्समधून एक जुनी चांदीची लहानशी कटोरी काढली, आजोबांच्या बाप्तिस्म्याची. कडेने नाव कोरलंय, झिजून आन्सगा एवढंच वाचता येतं, शेवटचा र गेलाय. म्युनिकमामा, तुमची ईमेल आठवली.

मी विचारलं नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस) कधी असतो, तर म्हणाल्या ३ फेब्रुवारी, पण त्या दिवशी संत ब्लासिउसचाही दिवस, सगळं चर्च घशाला दोन मेणबत्त्यांचा आशीर्वाद घ्यायला रांगेत, आन्सगारकडे कुणी बघत नाही. आजोबा दरवर्षी कुरकुरायचे म्हणे. वाढदिवसाला नाही, त्यावरून.

मग मी त्यांना काशाची वाटी आणि कांस्य सांगितलं. (अनुस्वारभाऊ, त्या खरंच बोलल्या. पाऊण तास.)

कोथिंबीरवडी (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतेय. बाळ झालं, आम्ही दोघं बरे आहोत. नाव आन्सगार अनंत. अनंत माझे आजोबा. नोंदणी कार्यालयात वीस मिनिटांत काम झालं, आन्सगारवर त्या माणसाने मान हलवली, अनंतवर चष्मा काढला.

बारसं बाविसाव्या दिवशी केलं, बाराव्या दिवशी मला उभं राहायचीही ताकद नव्हती. पाळणा कुठून आणणार, सासऱ्यांनी कोठारातली गव्हाणीसारखी एक लाकडी पेटी घासूनपुसून दिली. कोल्हापूरची सगळी मंडळी व्हिडिओ कॉलवर, आई तिकडून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणतेय, इकडे दोन जर्मन शेजारणी बाळाला पेटीखालून घेतायत आणि गोपाळच्या जागी जे जमेल ते म्हणतायत. कानात नाव सांगायला आत्या, म्हणजे माझी नणंद, पशुवैद्य आहे. तिला मी कुर्रर्र शिकवलं होतं. जर्मन घशातला र, मंडळी! तिने असं काही खणखणीत कुर्रर्र केलं की माझ्या चुलत्या म्हणाल्या आमच्यात सात पिढ्यांत एवढं चांगलं कुणाला जमलं नाही. फक्त कुर्र झाल्यावर बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात हे तिला सांगायचं राहून गेलं होतं.

तिकडे दादाने हौसेने चौकात फ्लेक्स लावला. नाव फोनवर सांगितलं होतं, त्या प्रिंटरवाल्याने दोन्ही नावं जोडून छापलं, "चि. अनंतसागर यांचे हार्दिक स्वागत". आता सगळी गल्ली त्याला सागर म्हणते. आईसुद्धा.

चहाटळ

अभिनंदन! फ्लेक्सचा फोटो टाका की, बाळ बघू दे.

कोथिंबीरवडी

टाकला असता, पण त्यावर दादाच्या मंडळातल्या अकरा जणांचे फोटो आहेत. बाळाचा नाहीये.